निवडणं

धंतोलीतल्या डॉक्टरांनी कागदावर एक शब्द लिहिला
आणि खाली दोन रेघा ओढल्या.
बसमध्ये मी तो तीनदा वाचला.
मैत्री खिडकीतून समोशाच्या गाडीकडे बघत होती.

रात्री सगळे डबे खाली उतरवले.
कणीक, रवा, शेवया, दलिया.
हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरं,
चष्मा पुसून वाचली: गव्हाचं पीठ.
हिंगात!
म्हणजे सात वर्षं मी लेकीला फोडणीतूनसुद्धा
जाऊ द्या.

मग कण्या आठवल्या.
ज्वारीच्या, ताकातल्या, वरून लसणाचं तेल.
भाजीला पैसे नसले की आमच्याकडे व्हायच्या
आणि पाहुणा दिसला की पातेल्यावर ताट पडायचं.

त्याच कण्या गोकुळपेठेतल्या काचेच्या दुकानात
गुळगुळीत पाकिटात बसलेल्या.
भाव बघून मी पाकीट ठेवलं, परत उचललं.
पार तळाशी, मुंग्यांची रांग असावी तशी ओळ:
याच कारखान्यात गहूही दळला जातो.

इतवारीत सुट्ट्या मिळतात.
पोत्याला पोतं लागून, आणि माप एकच,
दलियातून निघालेलं कण्यांत शिरतं.
मी म्हटलं, भाऊ, दुसरं माप घ्या ना,
याला गहू शिवलाय.

शिवलाय.
शब्द तोंडातून गेला आणि मी तिथेच उभी राहिले.
या एका शब्दानं माझ्या आज्याला
उभ्या उन्हाळ्यात विहिरीपासून वीस हात लांब बसवलं होतं.
आता मी तोच घेऊन बाजारात फिरते,
दुकानादुकानात विचारते, कोण कोणाला शिवलं.
गव्हाचा काही गुन्हा नाही.
लेकीच्या आतड्याला तो सोसत नाही, एवढंच.
एवढंच, असं मी घरी येईपर्यंत म्हणत राहिले.

चक्कीवाले धकाते म्हणाले,
'किलोभर ज्वारी आधी फिरवून फेकतो ताई,
गहू निघून जाईन.'
मी वर पाहिलं.
पंख्याच्या पात्यांवर गहू, कॅलेंडरच्या तारखांवर गहू,
धकात्यांच्या पापण्याही पांढऱ्या.
'राहू द्या,' म्हटलं.
माणूस रागावला नाही. पट्टा थांबवून म्हणाला,
'मंग जातंच घ्या ना बाप्पा, नवं कोरं.
मानेवाड्याच्या रोडनं एक बाई बसते.'

बाई छिन्नी मारत बसली होती,
डोक्यावर ओला दुपट्टा, पुढ्यात पाटे, खलबत्ते, दोन जाती.
मी विचारलं, यावर कधी गहू दळलाय का?
ती इतकी हसली की छिन्नी खाली ठेवावी लागली.
'यानं काहीच नाही दळलं माय.
परवापर्यंत हा दगडच होता.'

रिक्षावाल्यानं जात्याचे वेगळे वीस घेतले.

पहिल्या मुठी दगडाच्या कचीसाठी गेल्या,
राखाडी पीठ निघालं, ते फेकलं.
आज खऱ्या कण्या काढायच्या
म्हणून सकाळपासून ज्वारी निवडतोय,
मैत्री आणि मी, मध्ये स्टीलचं ताट,
कूलर बंद, कारण चाळणीतला कोंडा उडतो.
घाम नाकावरून ताटात पडू नये म्हणून
ती मान वाकडी करून बसलीय.
खडा, काडी, अर्धवट दाणा.
ज्वारी गोल. गोलच बघायचं, मी तिला शिकवलंय,
लांबट दिसलं, पोटावर चीर दिसली, की थांबायचं.

'आई.'
तिच्या दोन बोटांत एक गहू.
एकच. पिवळसर, भरलेला, चांगल्या रानातला असावा.
तिनं तो उजेडात धरला,
बराच वेळ सगळ्या बाजूंनी बघितला,
शाळेतल्या न बोलणाऱ्या मैत्रिणीकडे बघावं तसा.
मग खिडकीच्या कठड्यावर ठेवला, चिमणीसाठी,
आणि मोरीत जाऊन हात धुतले, साबणानं,
थेट कोपरापर्यंत.

परत येऊन बसली.
अजून पायलीभर बाकी आहे.